वडिवळेवाली

आमच्या अब्बांनी नाणे मावळातल्या झाडून सगळ्या गावांत बांगड्या भरल्या, फक्त वडिवळ्यात नाही. आम्ही मणेर, म्हणजे बांगड्या भरणारे. कामशेतच्या बाजारात आमचं दुकान होतं, पण दुकानावर अम्मी बसायची आणि अब्बा गावं करायचे. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, हातात पत्र्याची पेटी, आणि शाळेला सुट्टी असली की शेपटासारखी मी मागे. नाण्यात थांबायचं, गोवित्रीत थांबायचं, आणि वडिवळ्याची शीव आली की इतका वेळ नीट चाललेला माणूस एकदम बांधावर उतरायचा आणि चिखल तुडवत, भातखाचरांना वळसा घालून पुढच्या गावाला निघायचा. मी विचारायची, "अब्बा, सरळ वाट सोडून हे काय?" ते म्हणायचे, "आपन तितं जात न्हाई." का जात नाही, तर त्यांच्या वडिलांनी सांगितलं म्हणून. त्यांना का, तर त्यांच्या वडिलांनी सांगितलं म्हणून. एवढ्यावर गप्प बसणाऱ्या मुली असतील जगात, मी नव्हते.

घर दुकानाच्या मागेच होतं, दोन खोल्यांचं. सकाळी अब्बा माळा तपासायला बसले की काचेचा बारीक किणकिणाट सुरू व्हायचा, तोच आमचा गजर. घाटाकडे मालगाडी निघाली की फडताळातल्या सगळ्या बांगड्या थरथरायच्या आणि अम्मी हातातलं काम टाकून म्हणायची, "या अल्लाह, माल!" घरात बोलणं मराठीच. नमाज अरबीत, आणि रागवायचं झालं की अम्मी हिंदीवर यायची. जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांची चटणी, आणि खेकड्यांचे दिवस आले की तो काळसर, नाकातून पाणी काढणारा रस्सा. बांगडी 'फुटली' म्हणायला घरात बंदी होती, 'वाढवली' म्हणायचं. मी एकदा चुकून म्हटलं तर अम्मीने अशी काही थोबाडीत दिली की आजही माझ्या तोंडून तो शब्द अडखळतच निघतो.

अब्बांचा स्वतःचा एक दंडक होता. बाईचा हात हातात घ्यायचा, साबणाच्या पाण्याने ओला करायचा, बोटांची पेरं हळूच दाबून बांगडी चढवायची, पण नजर मनगटाच्या वर न्यायची नाही. परक्या घरात, परक्या बाईचा हात धरायची मुभा मणेराला गाव देतं ते ह्याच भरवशावर, असं ते सांगत. त्यामुळे वर्षानुवर्षं बांगड्या भरलेल्या बायकाही त्यांना चेहऱ्याने ओळखू यायच्या नाहीत. बाजारात कोणी "काका" म्हणून हाक मारली तर आधी तिच्या हाताकडे बघून बांगडीचं माप ओळखायचे आणि मग खुलायचे, "सव्वादोन! गोवित्रीची ना गं तू?" आम्ही भावंडं हसून हसून लोळायचो.

शब-ए-बारातीला मात्र घरात कोणी हसायचं नाही. अम्मी चण्याच्या डाळीचा हलवा करायची, रोट्या भाजायची, आणि अब्बा ताटापुढे बसून गेलेल्या माणसांची नावं घेत फातेहा पढायचे. पणजोबांचं नाव, दादांचं म्हणजे माझ्या आजोबांचं, दादींचं, लहानपणी गेलेल्या आत्याचं. शेवटी ते थांबायचे. मग आवाज खाली जायचा आणि ते म्हणायचे, "आणि वडिवळेवाली." ही म्हणजे माझ्या दादांची आई, अब्बांची आजी. दादा तीन वर्षांचे असताना ती वारली. शेजारपाजार तिला वडिवळेवाली म्हणायचा, तिचं स्वतःचं नाव काय ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पणजोबांनी तिच्याबद्दल शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. दादा मरणाच्या आधी अब्बांचा हात धरून म्हणाले होते, "माज्या आईचं नाव हुडक. बिननावाचं पोचत न्हाई." मौलवीसाहेबांनी परोपरीने समजावलं की अल्लाहला सगळं माहीत असतं, तुम्ही नाव नाही घेतलं तरी चालतं. अब्बा मान हलवायचे. पण पुढच्या शब-ए-बारातीला त्याच जागी पुन्हा अडायचे, आणि माझ्या बापाचा तो अडलेला गळा मला सहन व्हायचा नाही. खरंच नाही व्हायचा.

मी तेव्हा लोणावळ्याला कॉलेजात जात होते. बी.ए.चं पहिलं वर्ष. तिथे आपटे गुरुजी म्हणून एक निवृत्त शिक्षक होते, ते आवड असलेल्या मुलांना घरी मोडी शिकवायचे. मी गेले ती निव्वळ हौसेने, आणि अडकले. एक दिवस त्यांच्यापुढे मी आमची ही वडिवळेवाली मांडली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "प्रत्येक गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा. बुकं तालुक्याला असतात, मोडीत असतात आणि उंदरांनी ठेवली असली तर असतात. चल, बघू." हल्ली दाखल्यांसाठी जो तो ही कोतवाल बुकं धुंडाळतो, माझा नातू मोबाईलवर घराण्याचं झाड काढून दाखवतो. तेव्हा त्या कचेरीतल्या कारकुनाने आमच्याकडे असं पाहिलं होतं, जसं काही आम्ही त्याची खुर्ची मागायला आलोय. पण गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याने शब्द टाकला आणि बुकं मिळाली.

घरात ही बातमी फुटली तेव्हा माझ्या थोरल्या काकांच्या, बडे अब्बांच्या, नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी सोयरिकी जुळवताना वर्षानुवर्षं सांगितलं होतं की आमची आजी जुन्नरच्या सय्यद घराण्यातली, वडिवळ्याला नुसती काही दिवस राहिली म्हणून तसं नाव पडलं. "मढी उकरून काय मिळनार तुमाला?" ते अब्बांवर ओरडले. "उद्या कोन निगाली म्हंजे? माज्या पोरींची लग्नं व्हायचीत अजून!" अब्बा त्यांच्यापुढे कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. "भाईजान, कोन बी निगाली तरी ती आपली आजीच ऱ्हानार." बडे अब्बा चहा तसाच ठेवून उठले, ते पुढे दोन वर्षं आमच्या घरी जेवले नाहीत.

गुरुजी आणि मी तीन रविवार ती बुकं उलटत होतो, कारकून किल्ली देऊन जायचा. दादांच्या जन्माच्या आधीची वर्षं घेतली. वडिवळ्यातून लग्न होऊन कामशेतात आलेली एखादी मुसलमान मुलगी शोधायची म्हणून बसलो होतो, तर कळलं की वडिवळ्यात त्या काळी मुसलमानाचं एकही घर नव्हतं. मी बुक मिटायला लागले. गुरुजी मात्र शांतपणे मृत्यूंच्या पानांवर गेले. "जिवंत सापडत नाही, तर मेलेल्यांत पाहू," म्हणाले. मी मनात म्हटलं, म्हातारा चळला. तिसऱ्या रविवारी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. अमक्या पाटलाची लेक, विधवा, वय अठरा, मयत. बाकीच्या प्रत्येक ओळीत पटकी, ताप, बाळंतपण असं काहीतरी कारण होतं, इथे कोरं. बाकी प्रत्येकीचं नाव होतं, इथे कोरं. गुरुजींनी त्या कोऱ्या जागेवर नख टेकवलं. "रोग नाही, नाव नाही," ते म्हणाले. "पोरी, मरण लिहिताना माणूस एवढं विसरत नाही. हे विसरायला सांगितलेलं दिसतं. ही मेली नसेल, घर सोडून गेली असेल."

मी घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते हिरव्या बांगड्यांची माळ ओवत होते. दोरा हातातच राहिला. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल, ते 'पाटलाची लेक?' म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "विधवा, असं लिवलंय?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग कुनीतरी तिच्या हातात बांगड्या भरल्या असनार." आणि माळ खाली ठेवून तोंडावर रुमाल धरून बसले. मला काही उमगलं नाही. मणेराच्या पोटी जन्मून मला उमगलं नाही, ह्याची लाज आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वडिवळ्याला गेलो. पेटी नाही, माळा नाही. अब्बांनी ईदेचा पायजमा-सदरा घातला होता. शिवेपाशी आल्यावर त्यांचे पाय सवयीने बांधाकडे वळले, मग त्यांनी स्वतःला आवरलं आणि वाटेने चालू लागले. भात पोटरीला आलं होतं आणि आंबेमोहोराचा वास सगळ्या वाटेवर पसरला होता. आज तिथे मोटारीने वीस मिनिटांत पोचता येतं, माझा मुलगा गाणी लावतो आणि धरण बघायला म्हणून पाहुण्यांना नेतो. त्या दिवशी ती वाट संपता संपत नव्हती.

पाटलाचं घर लगेच सापडलं. घरधनी दत्तूभाऊ, चाळिशीचे, ओट्यावर विळ्याला धार लावत बसले होते. अब्बांनी आपण कोण ते सांगितलं, बुकातली ओळ सांगितली आणि हात जोडून म्हणाले, "भाऊ, आमाला काय बी नको. जमीन नको, नातं नको. फकस्त नाव पायजे." दत्तूभाऊंनी कानावर हात ठेवले. "आमच्यात अशी कुनी न्हवती. तुमी घर चुकलात." अब्बांनी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "सांगितलं ना, न्हवती." आवाज चढला नव्हता, पण विळा त्यांनी खाली ठेवला नव्हता. अब्बा उठले. मी उठले नाही. मी म्हटलं, "भाऊ, बुकात तुमच्या पणजोबांचं नाव आहे." माझं तोंड हे असं. अब्बांनी मला दंडाला धरून उठवलं आणि आम्ही ओट्यावरून उतरलो, तेवढ्यात आतून हाक आली.

"कोन हाय रं? कामशेतचं मणेर का?"

दारात एक म्हातारी आली. ऐंशी ओलांडलेली, पांढऱ्या पातळातली, मनगटं उघडी. दत्तूभाऊ म्हणाले, "आत्याआजी, तू आत जा." ती त्यांच्या आजोबांची बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. आत जाण्याऐवजी ती खांब धरून खाली बसली आणि अब्बांकडे टक लावून पाहत राहिली. "बस," म्हणाली. अब्बा बसले. म्हणाले, "मावशी, माझी आजी..." तिने हाताने थांबवलं. "मावशी न्हवं रं. मी तुजी आजी लागते. ती माजी थोरली बहीन."

मग ती बोलू लागली. आमच्याकडे बघून नाही, अंगणाकडे बघून. तिचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं, कारण त्या रात्री घरी आल्याबरोबर मी वहीत उतरवून ठेवलं होतं.

"माजं लगीन व्हतं. मी आट वरसांची. ह्याच वट्यावर तुजा आजा बसला व्हता, पोरगेलासाच, मान खाली घालून बांगड्या भरत. बायकांची ही गर्दी. माज्या हातात हिरवा चुडा भरला आन् मी नाचत सुटले. ताई मागं खांबाला टेकून उभी. तिचा दाल्ला दोन वरसांमागं गेलेला, हात मोकळं. मला काय कळतंय? मला वाटलं, समद्यांच्या हातात हायेत, माज्या ताईच्याच न्हाईत. मीच तिचा हात वढला. गर्दीतनं फुडं घेतला आन् त्याच्या हातात दिला. त्यानं मान वर केली न्हाई. कपाळ बघितलं न्हाई. त्याला काय ठावं? त्यानं भरल्या." ती थांबली. "आन् तिनं हात मागं घेतला न्हाई रं. तिला तर समदं कळत व्हतं. पर हात तसाच धरून ती बांगड्यांकडं बघत ऱ्हायली. अशी बघत ऱ्हायली, जसं काय तिला काय पायजे ते कदी कुनी इचारलंच न्हवतं."

पुढचं सगळं तिने भराभर सांगितलं. कुणीतरी बाई किंचाळली. भावांनी दगड आणला आणि मणेराला म्हणाले, तू भरल्यास, तूच आता उतरव. पणजोबा म्हणाले, मी भरलेली बांगडी माझ्या हाताने वाढवणार नाही. भाऊ दगड घेऊन पुढे झाले तेव्हा ताईने हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." एवढंच. दुपारी बापाने सांगितलं, बांगड्या काढ, नाहीतर घरातून जा. ती गेली. मणेराच्या मागून, वीस पावलं अंतर ठेवून, ह्याच वाटेने. भावांनी त्याला बजावलं, पुन्हा ह्या शिवेत दिसलास तर पाय शाबूत ठेवणार नाही. तिसऱ्या दिवशी गवताची बाहुली करून जाळली, गावाला सांगितलं मेली, कोतवालाने मेली म्हणून लिहिलं. "आन् आईनं माज्या तोंडावर हात ठिवला," म्हातारी म्हणाली. "म्हनली, तिचं नाव ह्या घरात पुन्ना घ्यायचं न्हाई. म्या न्हाई घेतलं. माजं पन कुंकू गेलं, आई गेली, भाऊ गेलं, तरी न्हाई घेतलं. तुमी कवा ना कवा याल, असं वाटायचं."

मग तिनेच विचारलं, "कवा गेली ती? खरीखुरी?"

अब्बांनी सांगितलं. सहा-सात वर्षं संसार केला. एक मुलगा जगला, तो तीन वर्षांचा असताना तापाने गेली. कामशेतच्या कब्रस्तानात आहे. पणजोबांनी दुसरं लग्न केलं नाही.

"कामशेतात," म्हातारी म्हणाली. "हितनं दोन कोस. सात वरसं ती हितनं दोन कोसावर जित्ती व्हती, आन् मी तिला मेली म्हनून बसले." आणि मग ती रडली, मोठ्याने, लहान पोर रडतं तशी. दत्तूभाऊंच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणला, तो तिने बाजूला सारला. मीही रडत होते. अब्बा रडत नव्हते. ते मान खाली घालून तिच्या उघड्या मनगटांकडे पाहत होते, आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "आजी, तुमची चूक न्हाई. आट वरसांचं पोर तुमी. तिला हात मागं घ्यायचा असता तर घेतला असता. तिनं न्हाई घेतला. त्यानं आमी जन्माला आलो." असं ते म्हणाले. आयुष्यात मी माझ्या बापाला एवढं नेमकं बोलताना दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "नाव कशाला पायजे तुला?" तिने विचारलं. अब्बांनी फातेहा काय, शब-ए-बारात काय, दादा मरताना काय म्हणाले, सगळं सांगितलं. बिननावाचं पोचत नाही म्हणून गळा अडतो, हेही सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाव सांगते. पर घरी जाऊन नगं. तुमच्यातलं ते काय असतंय ते हितंच म्हना, माज्या म्होरं. मला बी कळू दे कुटं जातंय ते."

"आत्याआजी," दत्तूभाऊ म्हणाले, "गाव बघतंय."

"बघू दे. घर माज्या बाचं हाय." आणि अब्बांकडे वळून, जणू फार दिवस तोंडात धरलेला घास बाहेर काढावा तसं, ती म्हणाली, "सगुणा."

अब्बांनी चपला काढल्या होत्याच. त्यांनी रुमाल डोक्याला बांधला, पश्चिमेकडे तोंड केलं, दोन्ही हात उचलले आणि पाटलाच्या ओट्यावर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभं राहून फातेहा पढायला सुरुवात केली. मी ओढणी डोक्यावर घेतली. म्हातारीला काय करावं समजेना, मग तिने माझ्याकडे पाहून पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तिनेही ओंजळ धरली. कुंपणापलीकडे चार माणसं उभी राहिली होती. नाव घ्यायची जागा आली. अब्बा अडले नाहीत. "सगुणा," ते म्हणाले, स्पष्ट, आणि पुढे पढत गेले.

संपल्यावर त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. म्हातारीने तसेच फिरवले. मग तिने विचारलं,

"पोचलं का रं?"

अब्बा अशा बाबतीत फार जपून बोलायचे. ते अल्लाहलाच ठाऊक, हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. त्या दिवशी त्यांनी ते दिलं नाही.

"पोचलं, आजी."

"मंग आता मी तिचं नाव घेते," ती म्हणाली. खांबाचा आधार घेत उठली, ओट्याच्या कडेला आली, आणि कामशेतच्या वाटेकडे तोंड करून तिने हाक मारली. पोरी पोरींना खेळताना मारतात तशी, सगळा जीव काढून.

"सगेऽऽ! अगं ए सगेऽऽ! चल घरी!"

दत्तूभाऊ दारातच उभे होते. त्यांनी तिला गप्प केलं नाही.